निकाहनाम्यातील वलीचा रकाना: आजच्या काळात त्याचे स्थान काय?

आबोली_रायगड:

नमस्कार. आमच्या घरात सध्या जो वाद पेटला आहे त्यातून हा धागा काढत आहे. शरियत आणि कायदा या दोन्हींची माहिती असलेल्यांनी कृपया लिहावे, आणि ज्यांच्या घरात असे काही घडले आहे त्यांनी तर आवर्जून लिहावे.

माझी खाला, म्हणजे मावशी, पंचेचाळिशीच्या आसपासची आहे आणि रायगड जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. खालू, म्हणजे तिचे पती, जाऊन बरीच वर्षे झाली, तिने एकटीने मुलाला वाढवले, तो आता शिकून नोकरीला लागला आहे. पुण्याच्या एका विधुर गृहस्थांशी निकाह करण्याचे तिने ठरवले आहे. स्थळ तिने स्वतः पाहिले, चौकशीही स्वतःच केली. आम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई पंथाचे. ते गृहस्थ हनफी आहेत. दोन्ही सुन्नींचेच पंथ. जमातीच्या काझींकडे तारीख विचारायला गेलो, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी "वली कोण?" एवढेच विचारले. वली म्हणजे स्त्रीच्या बाजूने निकाह लावून देणारा पालक. नाना, म्हणजे खालाचे वडील, हयात नाहीत. मामू, म्हणजे तिचा भाऊ, एकच, आणि ते कुवेतला असतात. त्यांनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही, कारण भाच्याने त्यांना आधीच फोन करून रडून घेतले आहे. भाचा, म्हणजे खालाचा मुलगा, म्हणतो की, "अब्बा नाहीत, तेव्हा अम्मीचा वली मीच, आणि माझी इजाजत नाही."

जी बाई वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर सही करत आली, तिच्या स्वतःच्या निकाहाला तिची सही पुरत नाही, हे मला पटत नाही. परंतु माझ्या पटण्या-न पटण्याने निकाह वैध ठरणार नाही, हेही मला कळते. म्हणून विचारते की वली खरोखर आवश्यक आहे का, असल्यास तो कोण, आणि त्याने अडवून धरले तर बाईने काय करावे?

दिवाणी_वकील:

आबोलीताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या खाला कोणत्या पंथाच्या आहेत यावर अवलंबून आहे. 1937 च्या शरियत कायद्याने मुसलमानांच्या विवाहाला शरियत लागू केली, मात्र कोणत्या पंथाची शरियत, हे त्यात कोठेही सांगितलेले नाही. ते त्या त्या व्यक्तीच्या पंथावरून ठरते. हनफी मतानुसार सज्ञान आणि शहाणी स्त्री स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. वली असणे चांगले मानले जाते, परंतु तो नसल्याने निकाह बाद होत नाही. शाफई मतानुसार स्त्रीच्या बाजूने निकाहाचा करार वलीनेच करायचा असतो, मग ती कुमारिका असो, विधवा असो वा घटस्फोटित असो. विधवेच्या बाबतीत तिची संमती स्पष्ट शब्दांत असावी लागते, तिचे मौन चालत नाही; पण करार उच्चारायचा वलीने.

मुलाच्या दाव्याबद्दल मात्र मौज आहे. हनफी क्रमवारीत वली म्हणून मुलाचे स्थान बापाच्याही आधी येते. शाफई मतात मुलगा केवळ मुलगा असल्याच्या नात्याने आईचा वली होत नाही. बाप, आजोबा, सख्खा भाऊ, सावत्र भाऊ (बाप एक असलेला), मग भावांची मुले, मग चुलते अशी ती उतरंड आहे. तेव्हा आपला मावसभाऊ पंथाने शाफई राहून हनफी अधिकार सांगत आहे, आणि हनफी म्हणून अधिकार सांगायचा तर आईला त्याच्या परवानगीची गरजच उरत नाही.

मिरजकर:

वकीलसाहेबांचे शेवटचे वाक्य त्या चिरंजीवांना जसेच्या तसे पाठवावे, अशी सूचना करतो.

खतीबांचा_नातू:

आमच्या घराण्यात गावची खतिबी पिढीजात आहे, त्यामुळे काझींची बाजूही कोणी तरी मांडायला हवी म्हणून लिहितो. निकाहाच्या रजिस्टरात दुल्हा, दुल्हन, वली, वकील (दुल्हनची इजाजत पोचवणारा), दोन गवाह म्हणजे साक्षीदार, आणि महेर, म्हणजे पतीने पत्नीला द्यायची रक्कम (नकद किती, उधार किती), असे रकाने असतात. यातला एक रकाना कोरा ठेवून काझीने सही केली आणि उद्या कोणी निकाहच अमान्य केला, तर जमातीसमोर उत्तर त्याला द्यावे लागते. काझी वलीचे नाव विचारतो तेव्हा तो बाईचा अपमान करत नसतो. तो त्याच्या पंथाप्रमाणे करारातील एक पक्ष शोधत असतो.

कोकणात हे किती अवघड झाले आहे, ते मुंबई-पुण्याच्या लोकांना कळणार नाही. अर्ध्या गावाचे बाप आणि भाऊ आखातात आहेत. पूर्वी मुलीचा बाप मस्कतहून चिठ्ठी पाठवायचा की, माझ्या वतीने माझ्या भावाने निकाह लावून द्यावा. आता फोन येतो. मी स्वतः पाहिलेला एक निकाह असा होता की, काझी, दुल्हा आणि गवाह मशिदीत बसले आहेत, बाप कुवेतमध्ये कामाच्या जागेवरून व्हिडिओ कॉलवर आहे, मागे काँक्रीट मिक्सरचा एवढा आवाज की त्याचा एकही शब्द ऐकू येईना. शेवटी काझींनी त्याला गप्प राहून मान हलवायला सांगितले नाही, तर मिक्सर बंद करून येण्यास सांगितले, आणि त्याच्याकडून "मी माझा अधिकार माझ्या भावाला देतो" हे शब्द गवाहांच्या कानांवर पडल्यावरच पुढचे काम केले. आपल्या मामूंनीही तेवढेच करायचे आहे. ते येण्याची गरज नाही.

सवालजवाब:

नातूसाहेब, त्याच निकाहात दुल्हनला विचारताना काझींनी एवढी खबरदारी घेतली होती का? बापाचे शब्द ऐकू यावेत म्हणून मिक्सर बंद होतो. आमच्याकडे दुल्हनला विचारायला वकील आणि दोन गवाह मागच्या खोलीत जातात, तेथे वीस बायका एकदम बोलत असतात, दुल्हनचे डोके ओढणीखाली गुडघ्यापर्यंत वाकलेले असते, वकील अमुकचा मुलगा अमुक, महेर इतका असे भरभर म्हणतो, आणि शेजारची कोणी तरी फूफी तिच्या डोक्यावर हात ठेवून तेच डोके खाली दाबते. बाहेर येऊन वकील सांगतो की इजाजत मिळाली. ती कोणाच्या मानेने दिली, हे फक्त त्या फूफीला माहीत असते.

खतीबांचा_नातू:

आपण म्हणता ते घडते, ते नाकारून उपयोग नाही. आमच्या वडिलांनी म्हणूनच पद्धत बदलली. तोंडाने स्पष्ट "कबूल आहे" म्हटल्याशिवाय आणि रजिस्टरात तिने स्वतः सही केल्याशिवाय ते बाहेर येत नसत. त्यावरून एका लग्नघरी वऱ्हाड्यांनी त्यांना पाण्याचाही प्याला विचारला नव्हता.

मिरजकर:

आमच्या भागात सगळे हनफी, त्यामुळे गंमत वेगळी आहे. आमच्याकडे वलीचे नाव कोणी घेत नाही, पण वकील कोण यावरून मामा-चुलत्यांत हाणामारीची वेळ येते. वकील हा केवळ निरोप्या आहे. दुल्हनने ज्याला सांगितले त्याने तिची इजाजत मजलिशीपर्यंत पोचवायची, एवढेच त्याचे काम. तरीही वकील झालेला माणूस पुढची तीस वर्षे "मीच तिचे लग्न लावून दिले" असे म्हणत फिरतो. लोकांच्या डोक्यात ही दोन माणसे एकच झाली आहेत, आणि हनफी मुलींना जो अधिकार पुस्तकात आहे तो व्यवहारात का मिळत नाही, याचे एक कारण हेही आहे.

तीन_लेकींचा_अब्बा:

वरील प्रतिसाद वाचून असे वाटते की वली म्हणजे केवळ अडथळा. माझे वय साठीच्या पुढे आहे, तीन मुलींचे निकाह मी केले आहेत, आणि माझे मत वेगळे आहे.

माझ्या एका भाचीने घरी न सांगता शहरात जाऊन निकाह केला. हनफी असल्याने तो सही होता, याबद्दल वाद नाही. निकाह एका खोलीत झाला, दोन गवाह तेथेच बसलेले असत आणि दिवसाला अनेकांचे गवाह होत असत. महेर पाचशे रुपये लिहिला होता. दीड-दोन वर्षांनी त्या मुलाने सांगितले की असा निकाह झालाच नाही. ते दोन गवाह कोण, कोठले, कोणालाच माहीत नव्हते. आधीची एक बायको आहे, हेही तेव्हाच कळले. घरच्या माणसाने विचारपूस केली असती, मुलाच्या मोहल्ल्यात जाऊन दोन दुकानांत चौकशी केली असती, महेर नीट ठरवला असता, तर तिच्यावर ही वेळ आली नसती. वलीचे खरे काम हे आहे. तो मुलीच्या बाजूने सौदा करणारा माणूस आहे. मुलगी स्वतःच्या तोंडाने "महेर एक लाख हवा" असे सांगू शकत नाही. बापाने सांगितले तर ते शोभते.

सवालजवाब:

अब्बाजान, आपल्या भाचीबद्दल मनापासून वाईट वाटले. परंतु ती घरी न सांगता का गेली, हे आपण लिहिले नाही. घरी सांगितले असते तर विचारपूस झाली असती की खोलीला कुलूप लागले असते? मुली पळून जातात म्हणून वली हवा, आणि वली ऐकत नाही म्हणून मुली पळून जातात, असे हे चक्र फिरत राहते.

मुलगी महेर मागू शकत नाही, हेही मला मान्य नाही. ती तिचीच रक्कम आहे. आपल्याकडच्या बापांनी भरघोस महेर ठरवल्याचे मी फार कमी पाहिले आहे. उलट मुलाकडच्यांना मोटारसायकल देऊन वर "महेर तुमच्या सोयीने लिहा" म्हणणारेच अधिक पाहिले आहेत.

तीन_लेकींचा_अब्बा:

मोटारसायकलीबद्दल आपले म्हणणे खरे आहे. कुलपाबद्दल सांगायचे तर, माझ्या बहिणीच्या घराचे मला माहीत नाही. माझ्या घराला ते नव्हते. मधली मुलगी तिच्या पसंतीच्या मुलाबद्दल मला येऊन सांगू शकली. आधी मी नाही म्हटले, मग त्या मुलाला भेटलो, मग हो म्हटले. वलीने असेच वागावे, एवढेच माझे सांगणे आहे.

हुज्जतखोर:

हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, स्पष्ट आहे की वलीशिवाय निकाह नाही. इतकी चर्चा कशासाठी?

दिवाणी_वकील:

चर्चा यासाठी की ती हदीस इमाम अबू हनीफा यांच्या अनुयायांनाही माहीत होती आणि तरीही त्यांनी वेगळा निष्कर्ष काढला. त्यांच्या बाजूने कुराणातील सूरह बकरातील 232 वी आयत दाखवली जाते, ज्यात स्त्रियांनी परस्परसंमतीने ठरवल्यास त्यांना आपल्या पतींशी निकाह करण्यापासून अडवू नका, असे सांगितले आहे; त्यात निकाह करण्याची क्रिया स्त्रीकडे दिली आहे. शाफई फकीह (धर्मशास्त्रज्ञ) त्याच आयतीतून उलटे अनुमान काढतात की, वलीला अधिकार नसता तर "अडवू नका" असे त्याला बजावण्याची गरजच पडली नसती. दोन्ही बाजू शतकानुशतके या एका वाक्यावर उभ्या आहेत. त्यात बुखारी शरीफ या हदीससंग्रहातील खन्सा बिंत खिदाम यांची हकीकतही जोडावी. त्यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावून दिला, त्यांनी पैगंबरांकडे (स.) तक्रार केली, आणि तो निकाह रद्द ठरवण्यात आला. त्या पूर्वविवाहित होत्या, म्हणजे आबोलीताईंच्या खालांची जी स्थिती आहे तीच.

अवांतर_प्रेमी:

मी हिंदू आहे, म्हणून कान धरून एकच प्रश्न विचारतो. आमच्याकडेही वडील नसतील तर कन्यादान कोणी करायचे यावरून काका-मामांचे रुसवे-फुगवे होतात. तसाच हा प्रकार आहे का?

दिवाणी_वकील:

रुसवे-फुगवे तसेच आहेत, कायदा मात्र तसा नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही वधू अल्पवयीन असल्यास विवाहासाठी पालकाच्या संमतीची तरतूद होती आणि पालकांची क्रमवारीही दिलेली होती. 1978 मध्ये वधूचे किमान वय अठरा झाले, अल्पवयीन वधू ही कल्पनाच कायद्यात उरली नाही, आणि ती कलमे वगळली गेली. हनफी मतातही वलीचा सक्तीचा अधिकार अल्पवयीनांपुरताच आहे. म्हणजे अठरा वर्षांचा नियम सर्वांना सारखा मानला, तर हनफींपुरता वलीचा प्रश्न बराचसा निकालात निघतो. शाफईंचा निघत नाही, कारण तेथे वयाचा संबंध नाही.

सवालजवाब:

आणि तो अठरा वर्षांचा नियम सर्वांना सारखा आहे का, हेच तर अधांतरी आहे. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने मुलीला एवढे दिले की, पंधरा वर्षांच्या आत बापाने किंवा अन्य वलीने लावून दिलेला निकाह, पतिपत्नीसंबंध आलेला नसल्यास, तिला अठरा पूर्ण होण्याआधी नाकारता येतो. त्यापूर्वी हनफी मतानुसार बापाने किंवा आजोबाने लावलेला निकाह तिला सहसा मोडता येत नसे, तेव्हा ती सुधारणा मोठी होती. पुढे 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा आला. 2022 मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सोळा वर्षांच्या मुस्लिम मुलीच्या विवाहाला व्यक्तिगत कायद्याच्या आधारे संरक्षण दिले. 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटले की बालविवाहाचा कायदा धर्म न पाहता सर्वांना लागू आहे. पंजाबच्या निर्णयाविरुद्ध बालहक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, तर 2025 मध्ये न्यायालयाने ते अपील फेटाळले, कारण आयोगाचा या प्रकरणाशी संबंध काय, असा त्याचा प्रश्न होता. मूळ मुद्दा तसाच राहिला.

संपादक_मंडळ:

विवाहाच्या वयावर स्वतंत्र धागा आहे, त्याविषयीचे पुढील प्रतिसाद तेथे द्यावेत. येथे वलीपुरती चर्चा ठेवावी, ही विनंती.

मडगांवचो:

गोव्यात हा प्रश्न सरकारी दप्तरात तरी येत नाही. 1937 चा शरियत कायदा आमच्याकडे लागू झालेला नाही. पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा मुसलमानांनाही लागू आहे. दोघांनी निबंधकासमोर जाऊन इरादा नोंदवायचा, मुदत संपल्यावर पुन्हा जाऊन सही करायची, की कायद्याने विवाह झाला. निकाह त्याच्या आगेमागे होतो. वलीचा रकाना त्या सरकारी नोंदवहीत नाही. अर्थात निबंधकाकडून परतल्यावर जमातीत काझी विचारायचे ते विचारतातच, आणि बापाच्या मनात नसेल तर मुलगी निबंधकापर्यंत पोचेल की नाही, हे गोव्यातही घरावर अवलंबून आहे.

खोजा_गल्ली:

आमच्या इस्ना अशरी शिया मतात विधवेला वलीची गरज नाही आणि निकाहाला गवाहसुद्धा आवश्यक नाहीत. गवाह तलाकला लागतात. कुमारिकेच्या बाबतीत बापाची परवानगी हवी की नको यावर मुजतहिदांमध्ये, म्हणजे ज्येष्ठ धर्मशास्त्रज्ञांमध्ये, मतभेद आहेत. आबोलीताईंना याचा उपयोग नाही, तरी विषय निघालाच आहे म्हणून लिहिले.

पेनांगहून:

मी नोकरीनिमित्त मलेशियात राहते. येथील बहुसंख्य मुसलमान शाफई आहेत, त्यामुळे खालांचा प्रश्न येथे रोजचाच आहे. वली हवाच, हा नियम येथे कडक आहे. परंतु वलीने सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर स्त्री शरियत न्यायालयात अर्ज करते. न्यायालय वलीला बोलावून कारण विचारते, आणि कारण फोल निघाले तर सरकारने नेमलेला वली हाकिम निकाह लावून देतो. मुलाचे कुळ आपल्यापेक्षा हलके आहे, पगार कमी आहे, अशी कारणे घेऊन आलेले बाप तेथे तोंडघशी पडल्याच्या कथा येथे सहकाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. नियम तोच, पण वलीच्या वर दाद मागायला जागा असल्यामुळे त्याचा स्वभाव पालटतो. आपल्याकडे अशी जागा कोणती?

दिवाणी_वकील:

पेनांगहून, आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले. शाफई फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, वलीने योग्य स्थळाला विनाकारण अडवणे याला अज़्ल म्हणतात आणि तसे झाल्यास अधिकार काझीकडे जातो, हे भारतातील शाफईंनाही मान्य आहे. अडचण अशी की, हा काझी म्हणजे न्याय देण्याचा अधिकार असलेला काझी. 1880 च्या काझी कायद्याखाली सरकार काझी नेमू शकते, परंतु त्याच कायद्याने स्पष्ट केले आहे की अशा नेमणुकीने त्याला न्यायदानाचा कोणताही अधिकार मिळत नाही आणि निकाहासाठी त्याची हजेरी सक्तीचीही होत नाही. दारुल कझांबद्दल, म्हणजे समाजाच्या खासगी शरियत न्यायमंडळांबद्दल, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले की त्यांचे निर्णय कोणावरही कायद्याने बंधनकारक नाहीत. म्हणजे आपल्याकडे वलीचा अधिकार शाबूत राहिला आणि त्या अधिकारावर देखरेख करणारा मात्र गेला. शाफई बाईची कोंडी होते ती या ठिकाणी.

यातून निघण्याची एक वाट मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वी, 1864 मध्ये, मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद या खटल्यात दाखवली. एका शाफई घराण्यातील सज्ञान मुलीने हनफी मत स्वीकारले आणि वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला. न्यायालयाने म्हटले की सज्ञान सुन्नी स्त्रीला चार पंथांपैकी कोणताही निवडता येतो, आणि त्यानंतरच्या तिच्या कृती त्या पंथाच्या नियमांनी जोखल्या जातील. निकाह वैध ठरला. खाला ज्यांच्याशी निकाह करत आहेत ते हनफीच आहेत.

खतीबांचा_नातू:

कायद्याने ते चालेल, याविषयी शंका नाही. परंतु केवळ सोयीसाठी पंथ बदलणे आमच्याकडे फार हलके समजले जाते, आणि ज्या गावात बाईला उद्या परत शाळेत शिकवायचे आहे तेथे ही गोष्ट तिच्या मागे लागेल. मी तरी ही वाट अगदी शेवटची मानेन.

सवालजवाब:

हनफी होऊनही सुटका पूर्ण नाही, हे आबोलीताईंना माहीत असावे. हनफी मतात स्थळ बरोबरीचे नसेल किंवा महेर घराण्याच्या रिवाजापेक्षा कमी असेल तर वलीला हरकत घेता येते; यालाच कुफूचा मुद्दा म्हणतात. नंतरच्या अनेक मुफ्तींनी तर कुफू नसलेल्या ठिकाणी वलीच्या संमतीशिवाय केलेला निकाह मुळातच सही नाही, असे मत धरले. मूळ ग्रंथांत दीनदारी, व्यवसाय, सांपत्तिक स्थिती, कुळ अशी बरीच चर्चा आहे. आपल्याकडे त्याचे सरळ सरळ बिरादरीत रूपांतर झाले. बागवानाची मुलगी पिंजाऱ्याला देणार नाही, सय्यद कोणालाच देणार नाही. आमच्यात जात नाही असे व्यासपीठावरून सांगणारे गृहस्थ घरी मुलीचे स्थळ आले की कुफू काढतात.

मिरजकर:

सय्यदांबद्दलचे वाक्य आमच्या गल्लीत मोठ्याने वाचणार नाही, पण सहमत आहे.

अत्तराची_कुपी:

पाकिस्तानातही हा वाद न्यायालयात गेला होता. सायमा वहीद या लाहोरच्या तरुणीने वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला, वडील न्यायालयात गेले, आणि 1997 मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निकाह वैध ठरवला. तिसऱ्या न्यायमूर्तींचे मत उलटे होते, म्हणजे हनफींच्या देशातही हे एकमताने झाले नाही. मोरोक्कोत मालिकी मत चालते, जेथे वली शाफईंसारखाच आवश्यक मानला जाई. 2004 च्या कायद्याने सज्ञान स्त्रीला स्वतःचा करार स्वतः करण्याचा किंवा वाटल्यास वडिलांना तो करायला सांगण्याचा अधिकार दिला. मला ही दुसरी तऱ्हा आवडते, कारण त्यात वडील राहतात, मात्र मुलीने बोलावले म्हणून राहतात.

दिवाणी_वकील:

आपल्याकडे हादियाचा खटला आठवावा. चोवीस-पंचवीस वर्षांच्या, शिकलेल्या, धर्मांतर केलेल्या मुलीचा निकाह केरळ उच्च न्यायालयाने 2017 मध्ये वडिलांच्या अर्जावरून रद्द केला आणि तिला आईवडिलांच्या ताब्यात दिले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तेथे वडील मुसलमान नव्हते आणि मुद्दा फिक्हचा नव्हता. न्यायालयच वली होऊन बसले होते, असे म्हटले तरी चालेल. सज्ञान स्त्रीवर वडिलांचा ताबा असावा, ही समजूत एका समाजाची मक्तेदारी नाही.

आबोली_रायगड:

सर्वांचे आभार. मधल्या काळात बरेच घडले, म्हणून उशिरा लिहीत आहे.

वकीलसाहेबांचा पहिला प्रतिसाद मी मावसभावाला वाचून दाखवला. तो चिडला, मग म्हणाला की काझींना विचारू. काझींनीही त्याला तेच सांगितले की तू वली नाहीस. त्यानंतर खरी गोष्ट बाहेर आली. गावचे घर खालूंच्या नावावर आहे आणि निकाहानंतर अम्मीचा हिस्सा पुण्याला जाईल, अशी भीती कोणी तरी त्याच्या मनात भरली होती.

मामूंशी मी स्वतः बोलले. त्यांना हरकत नाही, परंतु भाच्याच्या मनाविरुद्ध हो म्हणणे त्यांना जड जात आहे. चुलत्याला अधिकार देऊन मोकळे व्हावे की सुटीत स्वतःच यावे, यावर ते विचार करत आहेत. पंथ बदलण्याचा मार्ग मी खालाला सांगितला. ती म्हणाली, "मी जन्मभर ज्या पद्धतीने नमाज पढले ती एका सहीसाठी सोडू का?" त्यामुळे तो विषय संपला. नातूसाहेबांना हे आवडेल.

आता घराबद्दल कोणी सांगेल का? आणि नोंदणीच्या वेळी मुलाची सही लागते का?

दिवाणी_वकील:

घराचा आणि निकाहाचा संबंध नाही. मुले असताना पतीच्या मालमत्तेत विधवेचा आठवा हिस्सा असतो. तो पतीच्या निधनाबरोबरच तिचा झाला आणि पुनर्विवाहाने जात नाही. उरलेला हिस्सा मुलाचा आणि इतर वारस असतील तर त्यांचा. त्यावर पुण्याच्या गृहस्थांना काहीही हक्क नाही. तसेच पहिल्या निकाहाचा महेर खालूंनी दिला नसेल तर ते मालमत्तेवरील कर्ज आहे आणि वाटणीआधी तेही फेडावे लागते. हे त्या मुलाला नीट समजावून सांगा, म्हणजे वलीचा वाद आपोआप मवाळ होईल. माझ्या अनुभवात निकाहावरून भांडणाऱ्या दर दुसऱ्या घरात तळाशी सातबारा निघतो.

नोंदणीचे म्हणाल तर महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे अर्जावर वर, वधू, तीन साक्षीदार आणि निकाह लावणारे काझी यांच्या सह्या लागतात. मुलाची सही लागत नाही आणि वलीचीही लागत नाही.

तीन_लेकींचा_अब्बा:

मुलाला साक्षीदार म्हणून सही करायला बोलवा. न आला तर नाही, पण बोलवा. आणि महेराचे काय ठरले? ते कोणीच विचारले नाही.

आबोली_रायगड:

महेर खालाने स्वतः ठरवला, अब्बाजान, आणि सगळा नकद. पुण्याच्या गृहस्थांनी रक्कम ऐकून एकच विचारले की हप्त्याने चालेल का. ती नाही म्हणाली.

मिरजकर:

या बाईंना वलीची गरज कशासाठी आहे, हे मला अजूनही कळलेले नाही.

खतीबांचा_नातू:

रजिस्टरातील रकान्यासाठी, मिरजकर. आबोलीताई, मामूंनी चुलत्यांना अधिकार देताना फोनवर दोन गवाह ऐकत असतील असे पाहा, आणि शक्य असल्यास तो अधिकार लेखी मागवून काझींकडे आधीच द्या. त्या लेखात दुल्ह्याचे पूर्ण नाव आणि महेराची रक्कम लिहिलेली असावी. मोघम लिहून आणले, तर ऐनवेळी पुन्हा कुवेतला फोन लावावा लागतो.